शुश्रूषेचा खर्च आणि गावाची वर्गणी

मुंबई मागे टाकून आल्यावर जेथून एक रस्ता बोरघाट चढून पुण्याकडे जातो आणि दुसरा पेण-महाडमार्गे कोकणात उतरतो, त्या पनवेलच्या नाक्यावरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून परतणाऱ्या रुग्णांच्या गाड्या वर्षानुवर्षे जात आल्या आहेत. त्या गाड्यांतून घरी परतणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मांडीवरील फायलीत शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधयोजना यांचे सर्व कागद नीट लावून ठेवलेले असतात, आणि सर्वांत शेवटच्या कागदावर यापुढे रोग बरा करणारा उपाय उरलेला नसून रुग्णास घरी ठेवून केवळ त्याच्या त्रासावर उपचार करावेत, अशा आशयाचा शेरा असतो. हा शेरा वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने बरोबरच असतो. परंतु घरी नेल्यावर तो त्रास कोणी, कशाने आणि कोणाच्या खर्चाने कमी करावयाचा, याचे उत्तर त्या कागदावर नसते. टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र खारघरला, म्हणजे पनवेल महानगरपालिकेच्याच हद्दीत आहे. कर्करोगावरील अत्यंत प्रगत विद्या ज्या तालुक्यात नांदते, त्या तालुक्याने तरी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या बळावर शोधावे, अशी अपेक्षा करणे अवास्तव होणार नाही.

ज्यांचा रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे अशांच्या वेदना, श्वासाचा त्रास, मळमळ, जखमा, भीती आणि एकाकीपणा यांची पद्धतशीर शुश्रूषा करणारी जी सेवा, तिला हॉस्पिस किंवा उपशामक सेवा या नावाने जग ओळखते. हॉस्पिस म्हटले की खाटांची एखादी शांत वास्तू अनेकांच्या डोळ्यांपुढे येते, आणि तशा वास्तू आपल्याकडे आहेतही. डॉ. लुई जोसे डिसूझा या कर्करोगशल्यविशारदांनी १९८६ साली वांद्रे येथे शांती अवेदना सदन स्थापन केले. भारतातील ते पहिले हॉस्पिस होय, आणि पुढे गोव्यात व दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारजे येथे सिप्ला कंपनीच्या आश्रयाने १९९७ मध्ये उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. या दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून शुल्क घेतले जात नाही. परंतु अशा वास्तूंत राहू शकणारे रुग्ण मूठभरच असणार. बाकीच्यांना आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर, नातवंडांच्या गलबल्यातच राहावयाचे असते. यासाठीच ज्या लंडनमधून आधुनिक हॉस्पिसची कल्पना निघाली, तेथील सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसने १९६७ मध्ये दरवाजे उघडल्यावर दोनच वर्षांत, १९६९ साली, परिचारिकांना रुग्णांच्या घरी पाठविण्यास प्रारंभ केला.

त्या सेंट ख्रिस्तोफरच्या आरंभाची हकीकत निधीसंकलनाच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. संस्थापिका सिसिली सॉन्डर्स ह्या १९४८ मध्ये लंडनच्या एका इस्पितळात रुग्णसहायिका म्हणून काम करीत असता पोलंडहून निर्वासित होऊन आलेल्या डेव्हिड तास्मा नावाच्या ज्यू गृहस्थाची त्यांनी शुश्रूषा केली, आणि मरताना त्याने आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून पाचशे पौंड त्यांच्या भावी कार्यासाठी ठेवले. ती रक्कम मिळाल्यापासून हॉस्पिस प्रत्यक्ष उघडेपर्यंत एकोणीस वर्षे गेली. या अवधीत सॉन्डर्स यांनी वैद्यकाचा संपूर्ण अभ्यासक्रम पुरा केला, मॉर्फीनच्या वापराचा सूक्ष्म अभ्यास केला, आणि दात्यांची, विश्वस्तांची व हितचिंतकांची साखळी धीराने बांधीत नेली. पहिली देणगी एका निर्धन, मरणोन्मुख माणसाची होती, ही गोष्ट मला आकस्मिक वाटत नाही. ज्यांनी या सेवेची आवश्यकता स्वतःच्या घरात पाहिली आहे, तेच तिचे खरे आश्रयदाते होत. धनिकांचा क्रम त्यांच्या मागाहून लागतो.

घरोघरी जाणाऱ्या पथकाचे काम जवळून पाहिल्याखेरीज या सेवेला पैसा नेमका कशासाठी लागतो हे उमगत नाही. सकाळी निघालेल्या गाडीत बहुधा एक परिचारिका, एखादा स्वयंसेवक आणि आठवड्यातून काही दिवस डॉक्टर, एवढीच मंडळी असतात. गाडीच्या मागच्या बाजूस निर्जंतुक गॉजच्या गुंडाळ्या, लघवीच्या नळ्या, नाकातून अन्न देण्याच्या नळ्या, एखादी हवेची गादी आणि औषधांची पेटी. तोंडाचा किंवा स्तनाचा कर्करोग फुटून बाहेर आला की जखमेला जो दुर्गंध सुटतो, त्याच्या लाजेने रुग्ण घरच्या माणसांनाही जवळ येऊ देत नाही, आणि शेजारी दारावरूनच परततात. अशा घरी परिचारिका प्रथम जखम खारट पाण्याने भिजवून जुनी पट्टी अलगद सोडविते, कारण कोरडी पट्टी ओढली तर रक्त येते. मग मेट्रोनिडॅझोलच्या साध्या गोळ्या बारीक कुटून ती पूड जखमेवर पसरते, वर गॉज ठेवून पट्टी बांधते, आणि हीच कृती सून किंवा मुलगा यांच्याकडून आपल्या देखत एकदा करवून घेते. काही दिवसांत तो वास ओसरू लागतो. ज्या बाईने तोंड भिंतीकडे केले होते, ती उंबऱ्याकडे तोंड करून बसते, आणि नातू तिच्या अंथरुणावर येऊन बसतो. या साऱ्यास लागलेल्या गोळ्यांची किंमत अत्यल्प असते. खर्च असतो तो या परिचारिकेला दरमहा वेतन देण्याचा, तिला त्या घरापर्यंत नेणाऱ्या गाडीच्या इंधनाचा, आणि तिला ही विद्या शिकविणाऱ्या प्रशिक्षणाचा.

औषधांचेही असेच आहे. तीव्र कर्करोगवेदनेवर तोंडाने घ्यावयाची मॉर्फीनची गोळी हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून पुरस्कारिलेले आणि स्वस्त औषध. ते ज्या अफूपासून निघते, ती अफू मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने पिकते, आणि नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. तरी १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांची जी चळत उभी राहिली, तिच्यामुळे देशाच्या बहुतेक भागांत डॉक्टरांनी मॉर्फीनचा नादच सोडला. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन आवश्यक मादक औषधांसाठी साऱ्या देशाला एकच पद्धत लागू झाली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस ती बाळगता येऊ लागली. परंतु मान्यता मिळविणे, साठ्याचे दप्तर रोजच्या रोज लिहिणे, गोळीगोळीचा हिशेब तपासणीस दाखविण्यास तयार ठेवणे, यासाठी एक जबाबदार माणूस पगारावर लागतोच. म्हणजे गोळी स्वस्त असली तरी ती रुग्णाच्या उशाशी पोहोचविणारी व्यवस्था ही महिन्याच्या महिन्यास पोसावी लागते.

हीच ह्या सेवेच्या अर्थकारणाची खरी मेख आहे. आपल्या समाजात दानधर्माची वाण नाही; पण आपले दान बहुतांशी दगडाकडे, सिमेंटकडे आणि यंत्राकडे वळते. इमारतीस दाता मिळतो, कारण तिच्या भिंतीवर नावाची पाटी लागते. रुग्णवाहिकेस मिळतो, कारण तिच्या दोन्ही अंगांस नाव रंगविता येते. परंतु एखाद्या परिचारिकेच्या एका वर्षाच्या वेतनाचा भार उचलणारा दाता शोधू म्हटले तर पायपीट करावी लागते, कारण ते दान वर्षअखेर खर्ची पडून नाहीसे होते आणि त्याची पाटी कोठेच लागत नाही. इतर इस्पितळांना बरे होऊन गेलेले रुग्ण असतात. ते गावभर कीर्ती सांगतात आणि दरवर्षी देणगी पाठवितात. हॉस्पिसचा रुग्ण बोलण्यासाठी मागे राहत नाही, आणि त्याच्या घरच्यांना त्या दिवसांची आठवण काही काळ नकोशी असते. आरोग्य विम्याचा हिशेब शस्त्रक्रिया आणि खाटेवरचे दिवस यांवर चालतो, तेव्हा घरी येऊन घडीभर बसणाऱ्या परिचारिकेचा दर त्यात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि त्यांतील शेकडा १४ जणांनाच ती मिळते. एवढ्या तफावतीचे एक मोठे कारण वर सांगितलेल्या जमाखर्चात आहे, असे माझे मत आहे.

सरकारने हात अगदीच आखडता घेतलेला नाही. केंद्र शासनाचा राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ साली आखला गेला. महाराष्ट्राचे धोरणही त्याच वर्षीचे. आणि आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांनी द्यावयाच्या सेवांत वृद्धांच्या व मरणासन्नांच्या शुश्रूषेचा अंतर्भाव आहे. परंतु धोरण आणि अंमलबजावणी यांच्यामधले अंतर गावातल्या लोकांनी धरलेल्या आग्रहाखेरीज कमी होत नाही.

हा आग्रह कसा धरावा आणि त्याला पैशाचे बळ कसे द्यावे, हे केरळने दाखविले आहे, आणि तेथील उदाहरण थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेशकुमार यांनी कालिकतच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात वेदनाशमनाचा एक लहानसा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. काही वर्षांतच त्यांच्या ध्यानी आले की जे रुग्ण तेथवर पोहोचू शकत नाहीत, त्यांची संख्या पोहोचणाऱ्यांहून कितीतरी अधिक आहे, आणि डॉक्टरांनी कितीही धावाधाव केली तरी ती पुरी पडणार नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस मलप्पुरम जिल्ह्यापासून त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच चालवावयाच्या सेवाकेंद्रांचे जाळे विणण्यास आरंभ केला. शिक्षक, रिक्षाचालक, दुकानदार, गृहिणी, निवृत्त कारकून अशा सामान्य माणसांना ठराविक तासांचे प्रशिक्षण देऊन आपल्या वस्तीतील अंथरुणास खिळलेल्यांची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली गेली. डॉक्टर व परिचारिका त्यांच्या पाठीशी राहिले.

पैसा उभा करण्याचे कामही त्याच शेजाऱ्यांचे. चहाच्या टपरीवर, औषधांच्या दुकानात, किराण्याच्या गल्ल्याशेजारी लहान पेट्या ठेवल्या गेल्या. शाळांतील मुलांनी खाऊचे पैसे जमविले. कोठे बसमालकांनी एखाद्या दिवसाचा गल्ला दिला. आणि १५ जानेवारी हा दिवस साऱ्या राज्यात उपशामक सेवा दिन म्हणून पाळला जाऊन त्या दिवशी मोठी वर्गणी गोळा होऊ लागली. या केंद्रांचा बहुतांश निधी अशा अगदी लहान रकमांतून आला. त्याचा परिणाम पैशापुरता राहिला नाही. ज्याने पेटीत दोन रुपये टाकले, त्याला पुढल्या आळीत कोण आजारी आहे हे ठाऊक होऊ लागले. आणि हजारो मतदार ज्या सेवेचे वर्गणीदार आहेत, तिच्याकडे पाठ फिरविणे कोणत्याही पक्षास शक्य राहिले नाही. २००८ साली केरळ शासनाने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले, तसे करणारे ते देशातील पहिले राज्य. आणि त्यानंतर ग्रामपंचायतींनी आपल्या अंदाजपत्रकात तरतूद करून घरोघरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी लोकांची वर्गणी, मग शासनाची तरतूद. उलट क्रमाने गेलेल्या ठिकाणी योजना कागदावरच वाळल्या आहेत.

केरळची माणसे निराळी, तेथील साक्षरता निराळी, असे म्हणून हे उदाहरण बाजूस सारण्याचा मोह आपल्याकडे होतो. तो मला मान्य नाही. पैपैशाने मोठे कार्य उभारण्याची विद्या महाराष्ट्राने कोणाकडून उसनी घ्यावयाची नाही. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने दिवाळीत भाऊबीज मागण्याची प्रथा पाडली आणि घराघरांतील बायांनी ती संस्था आपल्या माहेरासारखी सांभाळली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे कित्येक ठिकाणी मूठमूठ धान्यावर चालली. त्याच रयतचे महात्मा फुले महाविद्यालय आज पनवेलात आहे, आणि त्याच्या विद्यार्थ्यांना मूठभर धान्याची कथा सांगण्याची गरज नसावी. मुंबईत दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या गोरगरिबांना आजही आसरा देते. ज्या महापुरुषाने स्वतःसाठी मातीच्या गाडग्याहून अधिक काही ठेवले नाही, त्याच्या शब्दावर लोकांनी पैसा ओतला तो हिशेबाच्या चोखपणावर विश्वास ठेवून.

पनवेलपुरते बोलावयाचे तर ही भूमी सेवाकार्याला अनोळखी नाही. नेऱ्याजवळ कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. मुंबई-गोवा मार्गावर तारा येथे युसुफ मेहेरअली सेंटर आहे, ज्याच्या उभारणीत डॉ. जी. जी. परीख यांनी आपले दीर्घ आयुष्य वेचले आणि २०२५ च्या २ ऑक्टोबरला, वयाची शंभर वर्षे पुरी करून, देह ठेवला. येथील नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे देशातील जुन्यांपैकी. १ ऑक्टोबर २०१६ पासून ती महानगरपालिका झाली. ज्या हद्दीची महापालिका झाली तिच्यात २०११ च्या जनगणनेनुसारच पाच लाखांच्या वर माणसे राहत होती, आणि कामोठे, कळंबोली, खारघर या वसाहती त्यानंतर किती फुगल्या हे कोणालाही दिसते.

आता एक साधा हिशेब मांडून पाहू. दोन परिचारिका, आठवड्यातून काही दिवस येणारा डॉक्टर, चालकासह एक गाडी, औषधे व जखमेचे साहित्य, आणि दप्तर सांभाळणारा एक माणूस, अशा एका पथकाचा मासिक खर्च अडीच लाख रुपये धरला, तर पाच लाख वस्तीत दर पन्नास माणसांमागे एकाने महिन्याला पंचवीस रुपये दिले की तो भागतो. पंचवीस रुपयांत उरण नाक्यावर कोथिंबिरीची एखादी जुडी येते. दहा हजार वर्गणीदार मिळविणे सोपे नाही, हे मान्य. पण दहा हजारांतील शंभर जणांनी एखाद्या महिन्यात हात आखडला तरी सेवा थांबत नाही. याच्या उलट, अडीच लाख देणारा एकच दाता असेल, तर त्याच्या व्यवहारात मंदी आल्याबरोबर परिचारिकेला रजा द्यावी लागते, आणि ज्या घरी ती गुरुवारी यावयाची होती त्या घरी कोणीही येत नाही. वर्गणी पोहोचविण्याची सोयही आता हातात आहे: मोबाइलवरून बँकेला एकदा आज्ञा दिली की ठरलेली रक्कम दरमहा आपोआप जमा होते. तरी लाइन आळीतल्या दुकानात ठेवलेल्या पेटीचे महत्त्व कमी मानू नये. ती पेटी दोन माणसांसमक्ष उघडावी, नाणी-नोटा दुकानदारादेखत मोजाव्यात, आकडा पावतीवर लिहून त्याची सही घ्यावी, आणि पुढल्या खेपेस मागील रकमेतून काय झाले ते त्याला दोन वाक्यांत सांगावे. असे झाले की तो दुकानदारच येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी सेवेविषयी बोलू लागतो.

मोठ्या देणग्यांना नाकारावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्यांचे स्थान ठरवून घ्यावे, एवढेच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि आरोग्यसेवा त्या कार्यांच्या यादीत आहे. तळोजे व पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहती दाराशीच आहेत. पण कायद्याने चालू प्रकल्पाची मुदत आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांची ठरविली आहे. तेव्हा या पैशातून गाडी, हवेच्या गाद्या, प्राणवायूची यंत्रे आणि परिचारिकांचे प्रशिक्षण घ्यावे, नित्याचे वेतन त्यावर टांगू नये. जे पथक कंपनीच्या अनुदानावरच वाढते, ते अनुदान संपताच आटते, आणि आटणाऱ्या सेवेसारखी क्रूर गोष्ट नाही, कारण तिने आधी आशा लावलेली असते. मृत्युपत्राने ठेवलेल्या रकमा आणि दात्याने लेखी कळवून दिलेल्या देणग्या कायम निधीत टाकाव्यात व त्यांचे व्याजच खर्चावे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातील पेढ्यांनी जुन्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येक बिलामागे अल्पसा धर्मादा काढून तो या कामी लावला, तर त्याचाही मोठा आधार होईल.

खाटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. घरी सांभाळता न येण्याजोगा रक्तस्राव किंवा अनावर वेदना उद्भवली की रुग्णास दोन-चार दिवस दाखल करावे लागते. त्यासाठी हॉस्पिसने लगेच स्वतःची इमारत बांधण्याच्या मागे लागू नये. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-कक अन्वये शेकडा दहा खाटा निर्धनांसाठी मोफत व शेकडा दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्या लागतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. या खाटा आपल्या रुग्णांना मिळाव्यात म्हणून पथकाने रुग्णालयांशी आगाऊ बोलून ठेवले, तर लक्षावधी रुपयांची वास्तू वाचते. विस्तार करावयाचा तो दुसऱ्या पथकाने करावा, आणि तेही पहिल्या पथकाचा सहा महिन्यांचा खर्च शिलकेत पडल्यावर. पहिले पथक महापालिकेच्या वसाहतींत स्थिर झाले की दुसरे कर्नाळ्याच्या पायथ्याकडील गावांत व आदिवासी वाड्यांत जावे, कारण तेथून खारघर जवळ दिसले तरी आजारी माणसास घेऊन तेथवर जाण्यात एका दिवसाची मजुरी बुडते.

निधी मागताना काही मर्यादा पाळल्याच पाहिजेत, आणि याविषयी मी आग्रही आहे. मरणोन्मुख रुग्णाचे छायाचित्र पत्रकावर छापून करुणा जागविणे हा ज्याची प्रतिष्ठा राखावयाची त्याचाच अवमान आहे. त्याने संमती दिली असली तरी, कारण ज्याचे सारे आपल्या हाती आहे त्याची संमती कितपत मोकळी असणार? परिचारिकेने रुग्णाच्या घरी देणगीचा शब्दही काढू नये. ती सेवेसाठी आली आहे, याची खात्री त्या घरास असली पाहिजे. कुटुंबाने स्वतः होऊन द्यावयाचे म्हटले, तर काही काळ जाऊ द्यावा. वर्षश्राद्धाच्या वेळी, तिथीच्या दिवशी, ज्या दिवसांत पूर्वी अन्नदान होत असे त्या दिवसांत ते कुटुंब एका परिचारिकेच्या एका दिवसाचे वेतन देऊ शकेल, आणि अशा तिथींची वही भरत गेली तर वर्षातील तीनशे पासष्ट दिवसांपैकी किती दिवस कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ चालले, हे वर्षअखेर सांगता येईल. या मार्गाने जमणाऱ्या पैशात शोकाचे रूपांतर उपयोगात होते, आणि आपल्या लोकांच्या मनाशी ते सहज जुळते.

हिशेबाची शिस्त ही तर पायाच. न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, वार्षिक ताळेबंद वेळेवर, प्रत्येक रुपयास पावती. देणगीवरील प्राप्तिकराच्या सवलतीसाठी दोन हजारांवरील देणगी रोकड घेता येत नाही, हेही दात्यास आधीच सांगावे, आणि ज्यांनी नवी करपद्धती निवडली आहे त्यांना ती सवलत मिळत नाही, हेही लपवू नये. परदेशस्थ आप्तांकडून पैसा घ्यावयाचा तर २०१० च्या परकीय अंशदान कायद्याची नोंदणी आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत ठराविक खाते लागते. हे दगदगीचे आहे, आणि पहिल्या काही वर्षांत तरी त्याच्या नादी लागू नये असा माझा सल्ला आहे. आपल्या आळीतल्या पैशावर सेवा चालते की नाही याची परीक्षा त्या वर्षांतच व्हावयाची असते. दर महिन्याला किती घरी भेटी झाल्या, किती रुग्णांना मॉर्फीन मिळाले, किती जण आपल्या घरी, आपल्या माणसांत गेले, आणि तिजोरीत किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, हे एका कागदावर लिहून तो कागद पेटी असलेल्या प्रत्येक दुकानात लावावा. लोक आकडा वाचतात, आणि शिल्लक घटलेली दिसली तर मदतीलाही येतात.

महापालिकेकडे जाण्याची वेळ यानंतरची. दहा हजार नसले तरी दोन-तीन हजार वर्गणीदारांची यादी हाती घेऊन नागरिक अंदाजपत्रकापूर्वी गेले, तर एका परिचारिकेची तरतूद मागण्याचा त्यांना नैतिक अधिकार राहतो, आणि राज्याच्या धोरणाचा हवाला त्यांच्या पाठीशी असतो. ग्रामीण भागात हीच मागणी ग्रामसभेत व्हावी. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना अंथरुणास खिळलेल्या रुग्णांची नोंद ठेवण्याचे काम मानधनासह द्यावे, कारण पथकाने कोणाकडे जावयाचे हे त्यांच्याइतके कोणासही ठाऊक नसते.

जागतिक हॉस्पिस दिन ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी येतो. पनवेलच्या वाचकांना माझी विनंती आहे की त्या दिवसाची वाट न पाहता, आपल्या इमारतीतील किंवा आळीतील दहा घरे निवडावीत, तेथे अंथरुणास खिळलेले कोणी आहे काय याची चौकशी करावी, आणि त्याच दहा घरांतून महिना पंचवीस रुपये देणारा निदान एक वर्गणीदार मिळवावा. आपल्या जवळ जी संस्था हे काम करते, तिच्या नावे ती वर्गणी पावती घेऊन भरावी. आणि जेथे अशी संस्था नसेल, तेथे पाच जणांनी मिळून न्यासाच्या नोंदणीचा अर्ज आणण्यापासून आरंभ करावा.